फुटलेल्या ब्रेकरचा जबाब

सबस्टेशनमध्ये सगळे तिला मावशी म्हणत. तिच्यामागून नोकरीला लागलेले पुरुष टेक्निशियन कुणी मिस्त्री झाले, कुणी मास्तर झाले. सव्वीस वर्षं ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडणारी यंत्रं, खोलून जोडणारी ही मात्र मावशीच राहिली. नवे इंजिनिअर तर तिला चहाही सांगायचे. एकदा सांगितला की पुन्हा सांगत नसत, ती गोष्ट वेगळी.

हे काम तिच्या घरातलंच. वडील फिटर होते. त्यांच्या उमेदीत तेलाचे ब्रेकर असायचे: लोखंडी टाकीत तेल आणि तेलात वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट सुटले की मध्ये विजेचा जाळ पेटायचा, त्याला आर्क म्हणतात. त्या जाळाने तेलाचा वायू व्हायचा आणि तोच वायू जाळाला थंड करायचा. पुढे दाबाच्या हवेचे ब्रेकर आले. हवेचा झोत जाळ फुंकून टाकायचा, पण आवाज तोफेसारखा. त्या आवाजाने वडिलांचे दोन्ही कान गेले. ऑफिसने कागदावर लिहिलं, 'वयोमानामुळे'. वडील तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. मावशीने शाळकरी वयात तो कागद वाचला आणि ऑफिसच्या कागदांवरचा तिचा विश्वास त्या दिवशीच उडाला.

यंदा पुन्हा तसाच एक कागद तिच्यासमोर आला.

झालं होतं असं. एका वादळी दुपारी लाइनवर झाडाची फांदी पडली. जाळ गॅसने विझवणाऱ्या सात नंबरच्या ब्रेकरने लाइन तोडायची, पण तो तोडता तोडता फुटला. त्याच्या चिनीमातीच्या नळीचे तुकडे कंट्रोल रूमच्या काचा फोडून आत आले. ड्यूटीवरच्या ऑपरेटरच्या गालाला सात टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. टाके निघायच्या आत त्याला निलंबनाचं पत्र मिळालं. गॅस कमी असल्याच्या इशाऱ्याकडे त्याने दुर्लक्ष केलं, असं चौकशीच्या अहवालात लिहून तयार होतं. तांत्रिक साक्षीदार म्हणून सही तेवढी मावशीची हवी होती.

ऑपरेटर तिच्या घरी आला तेव्हा तोंड नीट उघडत नव्हतं. म्हणाला, "मावशी, मी तीनदा नोंद केली होती. तिन्ही वेळा साहेबांना फोन केला."

"माहितीये. मीच दोनदा गॅस भरलाय त्यात. सील गळत होतं. बदलायला मागितलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

"मग आता?"

"आता तुम्ही पेज पिऊन झोपा. मला तो ब्रेकर खोलू दे."

तिने दोन दिवस खपून तो खोलला. आतले कॉन्टॅक्ट वितळून मेणबत्तीसारखे ओघळले होते. मग तिने त्याचं कंट्रोल पॅनल उघडलं. गॅस ठरावीक पातळीच्या खाली गेला की ब्रेकर स्वतःला अडवून घेतो, कॉन्टॅक्ट सुटूच देत नाही आणि मागचा ब्रेकर लाइन तोडतो. इथे तसं झालंच नव्हतं. अडवणाऱ्या दोन टोकांना कुणीतरी वायरचा तुकडा लावून ती सोय बंद करून टाकली होती. मावशी त्या वायरकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या पॅनलसमोर उकिडवं बसल्या बसल्या कळलं. तिने फोटो काढले, वायर मात्र जागची हलवली नाही.

चौकशीच्या खोलीत तिघे बसले होते. मधले अधिकारी म्हणाले, "मावशी, इथे सही करा. औपचारिकता आहे."

"आधी ब्रेकर कसा फुटला ते ऐकून घ्या."

"ते अहवालात आहे."

"अहवालात ऑपरेटर आहे. ब्रेकर कुठेच नाही."

तिने अहवाल बाजूला सरकवला आणि बोलू लागली. "बटण दाबलं की वीज तुटत नाही, साहेब. कॉन्टॅक्ट सुटले तरी प्रवाह जाळ होऊन मधल्या फटीतून वाहत राहतो. आपला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. तेवढ्या क्षणात जाळ थंड करायचा आणि पुन्हा पेटू द्यायचा नाही, एवढंच ब्रेकरचं काम. तेल असो, हवा असो, नाहीतर हा गॅस. लहान लाइनींवर आपण निर्वात नळीचे बसवलेत, त्यात जाळाला धरून राहायला काही नसतंच. या सात नंबरला जोराचा गॅस लागतो आणि गॅसच नव्हता. जाळ शून्यावर विझला, परत पेटला, परत विझला, परत पेटला. दाब वाढला आणि फुटलं. याच्यासाठीच ब्रेकरला अडवायची सोय असते. ती कुणी बंद केली?"

तिने फोटो टेबलावर ठेवले.

कोपऱ्यातले साहेब, ऑपरेटरने तीनदा फोन केला होता तेच, घसा खाकरून म्हणाले, "सारखा सारखा अडून बसत होता, मग गॅस भरायला लाइन बंद ठेवावी लागते. सप्लाय चालू ठेवायला वरून दबाव असतो."

"मग वर लिहून कळवायचं. ऑपरेटरच्या गालावर कशाला?"

तिने सही केली नाही. स्वतःचं पानभर म्हणणं लिहिलं, त्याखाली सही केली आणि त्याची पोच मागून घेतली.

दीड महिन्याने निकाल लागला. ऑपरेटरला कामावर घेतलं. अहवालात मात्र 'यंत्रसामग्रीतील बिघाड' असं आलं. वायर ज्यांच्या सांगण्यावरून लावली त्या साहेबांची बदली झाली, तीही त्यांना हव्या असलेल्या जागी. मावशीने तो कागद वडिलांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मोठ्याने, कान गेलेली माणसं बोलतात तसे, म्हणाले, "यंत्राला तोंड नसतं, म्हणून त्याच्यावर ढकलतात."

दुसऱ्या दिवशी तिने यार्डातल्या उरलेल्या अकराही ब्रेकरची पॅनलं उघडायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. तीन नंबरमध्ये तसलाच वायरचा तुकडा निघाला. दहा नंबरमध्येही. तिने ऑपरेटरला दोन्ही लाइन दुसऱ्या ब्रेकरवर घ्यायला सांगितल्या, वायरी काढल्या, दोन्ही ब्रेकरना कुलपं घातली आणि वर अडकवलेल्या पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. अर्ध्या तासात फोन वाजला. नवे साहेब होते.

"कुणाला विचारून बंद केलेत?"

"इथे या, उघडून दाखवते," ती म्हणाली. "येताना सील घेऊन या. हे दोन्हीही गळतायत, दोन लागतील."

चार दिवसांनी एकच सील आलं. तीन नंबर चालू झाला. दहा नंबरचं कुलूप अजून तसंच आहे आणि त्याची किल्ली मावशीकडे आहे.