भवानीचं पॅन कार्ड

“भवानी कौन है?” मल्होत्रांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं.

“कोई नहीं है, सर,” मीही तिसऱ्यांदा सांगितलं.

“कोई नहीं है तो रोज़ सुबह उसके नाम पे पैसा क्यों घूम रहा है?”

मल्होत्रा आमच्या कंपनीचे रिस्क हेड. बसतात गुरुग्रामला. मी परळच्या ऑफिसात मर्चंट सपोर्ट बघते. आमची कंपनी दुकानांत क्यूआर कोड आणि ‘इतके रुपये मिळाले’ असं ओरडणारा डबा लावून देते. गिऱ्हाइकाचा पैसा आधी आमच्याकडे येतो, मग दुकानदाराच्या बँकेत जातो. काही काळंबेरं वाटलं की रिस्कवाले तो मधल्या मध्ये अडवतात. त्याला होल्ड म्हणतात. होल्ड कॉम्प्युटर लावतो. काढायचा मात्र माणसांनी, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

शनिवारची दुपार होती. माझ्यासमोर सुनंदामावशी बसल्या होत्या. लालबागच्या मासळी बाजारात त्यांचा ओटा आहे. त्यांचा सगळा पैसा होल्डवर गेला होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी लालबागमध्ये ज्या घरात मासे शिजत नाहीत, तिथे कोणीतरी आजारी असतं. पहाटे धक्क्यावरच्या लिलावात रोख दिल्याशिवाय माल हातात पडत नाही. पण मावशींना त्याहून मोठी काळजी होती.

“माल मी कसापन आणीन गो बाय,” त्या म्हणाल्या. “पण बाजारात काय बोलतात माहितीय? सुनंदाचा हातगुण गेला. आज सकाळी एकीनं माझी भवानी घेतली नाय. माझ्यासमोर तोंड फिरवलं.” आणि चारचौघांत आवाज चढवून भांडणारी ती बाई पदराने डोळे पुसायला लागली. मला फार वाईट वाटलं आणि मल्होत्रांचा त्याहून जास्त राग आला.

दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. सुनंदामावशींचा हात चांगला असा त्या बाजारात जुना समज आहे. म्हणून रोज सकाळी त्या बाजूच्या ओट्यावर एक रुपया देऊन चिमूटभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घेतात आणि त्यांच्या हातचा तोच रुपया पुढे ओट्याओट्यावर तसाच फिरतो. झाली भवानी. मग शेवटच्या ओट्यावरची बाई मावशींच्या ओट्यावर येते, तोच रुपया देऊन त्यांची भवानी करते. म्हणजे एकच नाणं कपाळाला लागत लागत सगळा बाजार फिरायचं आणि घरी परत यायचं. पुढे आमच्या सेल्सच्या मंडळींनी बाजारात डबे लावले आणि उत्साहाच्या भरात सांगितलं, भवानीपण ऑनलाइन करा. बायकांनी केली. डब्याच्या आवाजाला हात जोडले आणि रिमार्कमध्ये इमानेइतबारे लिहिलं : bhavani.

आता कॉम्प्युटरला काय दिसलं? तीच ती खाती, रोज तीच वेळ, गोल फिरणारा रुपया आणि एका बाईचं नाव. पैसा असा आपापसात फिरवून खोटा धंदा दाखवतात, त्याला सर्क्युलर ट्रान्झॅक्शन म्हणतात. दुसऱ्यासाठी पैसा वाहून नेणाऱ्या खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. थोडक्यात, भवानी ही टोळीची म्होरकी आणि आमच्या मावशी तिचं खेचर.

“सर, एक रुपये का काला पैसा?”

“टेस्टिंग कर रही होगी. पहले छोटा अमाउंट, बाद में बड़ा. तुम भवानी का पॅन कार्ड भेजो, मैं होल्ड निकालता हूँ.”

माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, “सर, मालदीवच्या समुद्रातली कवडी आपल्याकडे चलन म्हणून चालली, पार आफ्रिकेत चालली. चीनने कागद छापला, तोही चालला. एका गावच्या हुंडीवर दुसऱ्या गावचा शेठ पैसे देत होता. हे सगळं भरवशावर झालं. तू का फिरतेस, हे कवडीला कोणी विचारलं नाही.”

“वेरी नाइस,” मल्होत्रा म्हणाले. “पॅन कार्ड?”

शेवटी भवानी म्हणजे बोहनी, हे मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, “बोहनी तो मेरे पापा भी करते थे, दुकान पे.” मला वाटलं सुटले. पण केस बंद करायला सिस्टीमला संशयिताची स्थिती हवी होती. पर्याय तीन : ओळख पटली, फरार, मयत. ओळख पटली म्हटलं की पॅन कार्ड आलं. फरार म्हटलं की पोलीस आले.

“मयत डाल दो,” मल्होत्रा म्हणाले. “मैं अप्रूव करता हूँ.”

“सर्टिफिकेट?”

“उसमें नहीं माँगता.”

जिवंत माणसाला दहा कागद आणि मेलेल्याला एकही नाही, हे मला तेव्हा कळलं. कॉमेंटच्या चौकटीत मी खरा खुलासा लिहिला, जो कोणी कधी वाचणार नाही, आणि मयतवर क्लिक केलं. होल्ड सुटला. मावशींनी विचारलं, “काय केलंस गो?” मी म्हटलं, “काही नाही, बटण दाबलं.” लक्ष्मीच्या पावलांनी येणारी भवानी मी दिवसाढवळ्या मारली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

रविवारी मी मुद्दाम बाजारात गेले. मावशींच्या ओट्यावर पापलेटांची रास होती. बाजूच्या ओट्यावरची बाई त्यांना बघून आधी घुटमळली, मग ओरडली, “सुनंदा, माझी भवानी राहिली ना! येतेस काय?” मावशींनी कनवटीचं नाणं काढलं. मोबाईल त्यांनी टोपलीखाली ठेवून दिला होता.

पुढच्या आठवड्यात मल्होत्रांचा मेल आला. लालबाग बाजारातले सकाळचे ट्रान्झॅक्शन अचानक का घटले, कारण द्या.

मी लिहिलं, “सर, भवानी एक्सपायर हो गई ना.”

लगेच उत्तर आलं : “ओके. उनकी फॅमिली में किसी को ऑनबोर्ड करो.”

तेव्हापासून नव्या दुकानदाराला डबा सुरू करून देण्याआधी मी एकच गोष्ट बजावते. रिमार्कमध्ये काय वाटेल ते लिहा, खरं कारण तेवढं लिहू नका.