मावशींचं सनमायकाचं टेबल

जगतपुऱ्यातल्या आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास सांगायचा, तर तो एका मावशींच्या हॉलपासून सुरू होतो. मावशी मिरजेकडच्या. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर त्या इथेच, या हिंदी मुलखात राहिल्या. दर रविवारी त्यांचा सोफा आतल्या खोलीत ढकलायचा, सतरंज्या अंथरायच्या आणि उपासनेला बसायचं. प्रभुभोजन असलं की त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून भाकर आणि द्राक्षरस मांडायचा. आम्ही रेल्वेवाले बदल्यांवर येत-जात राहिलो, टेबल मात्र जागचं हललं नाही.

मग एकदाचं चर्चचं बांधकाम झालं. मी समितीत होते आणि सगळ्यांत जास्त आवाज माझाच. फरशीच्या रंगावरून तर आमची महिनाभर जुंपली होती.

सामान हलवायच्या दिवशी टेम्पोत सतरंज्या गेल्या, पेटी गेली. टेबलापाशी आल्यावर मी नाक मुरडलं. पिवळट सनमायका, उचकटलेले कोपरे, एक पाय लंगडा. शिवाय नव्या शिसवी टेबलाची ऑर्डर आम्ही आधीच देऊन बसलो होतो.

"मावशी, आता यावर निवांत जेवा," मी म्हणाले. त्यांचंच टेबल त्यांनाच बहाल करून वर मला आपलं मन मोठं वाटलं. त्या चादरीची घडी करत राहिल्या.

नव्या चर्चच्या समर्पणाच्या उपासनेत मंडळीचा इतिहास मीच सांगितला. मावशींना शाल दिली, टाळ्या वाजल्या. टेबलाचा उल्लेख मी केला नाही, कारण ते मला आठवलंच नाही.

नंतर एका दुपारी त्यांच्याकडे गेले, तर त्या जमिनीवर ताट घेऊन बसलेल्या. शेजारी टेबल, त्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर.

"अहो, गुडघे दुखतात ना तुमचे? टेबल कशाला आहे मग?"

"त्याच्यावर नाही गं जेवत मी. पहिल्या प्रभुभोजनापासूनच नाही. मतलब, प्रभूची भाकर ठेवतो आपण तिथं. तिथंच माझं वरणभाताचं ताट कसं ठेवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं त्यांच्या घरात ऐसपैस बसलो, पण बाकीचे सहा दिवस ही बाई कुठे बसून जेवते, हे विचारावंसंही मला वाटलं नव्हतं.

"नवीन टेबल छान आहे हं," त्याच म्हणाल्या. "हे त्या दिवशी राहिलं. टेम्पोत जागा नव्हती ना?"

टेम्पो अर्धा रिकामा गेला होता.

"नव्हती," मी म्हणाले.

"तेच म्हटलं मी," त्या समाधानाने म्हणाल्या, आणि मला ताट वाढायला उठू लागल्या. एक हात गुडघ्यावर, दुसरा लांबच्या भिंतीकडे. टेबल हाताशी होतं, पण त्याचा आधार त्यांनी घेतला नाही.