सोळाअण्णांची 'सरी'

भिंत दिसली की सोळाअण्णांचा हात शिवशिवायचा. कुणाची आहे, कसली आहे, काही विचारायचं नाही. व्हाइटफील्डमधल्या आमच्या ऑफिसच्या काचा सोडल्या तर बेंगळुरूतली एकही भिंत त्यांनी तळहात न लावता सोडली नसेल. त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचं म्हणजे जीव मुठीत धरून. भर रहदारीत, मागे बसचा हॉर्न कोकलत असताना हा माणूस कचकन ब्रेक मारणार आणि म्हणणार, "ती कंपाउंडची भिंत बघितलीस? पोपडा कसा सुटलाय बघ की!" मागचा रिक्षावाला कन्नडमधून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. अण्णा त्याला हात जोडून "सरी सरी, स्वल्प थांबा" म्हणायचे आणि फोटो काढूनच हलायचे.

'सरी' म्हणजे बरं, ठीक आहे. 'स्वल्प' म्हणजे जरासं. हे दोन शब्द काढून घेतले असते तर अण्णा मुकेच झाले असते. ऑफिसात आमची टेबलं एकमेकांना लागून होती आणि त्यांचा डावा पाय सतत हलत असायचा, त्यामुळे माझ्या कपातल्या कॉफीला दिवसभर लाटा. बूड एका जागी टेकेल तर शपथ! काम आमचं रटाळ, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या. अण्णा ते भराभर उरकायचे आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकली चौकट उघडून ठिपके रंगवत बसायचे.

ठोकळे रचून घरं नि गावं बांधायचा तो खेळ तुमच्या घरातल्या पोरांनी नक्की खेळलेला असणार. त्यातल्या प्रत्येक ठोकळ्यावर एक चित्र असतं, आडवे सोळा ठिपके, उभे सोळा ठिपके, बस्स. दगड तेवढ्यात, गवत तेवढ्यात, दारही तेवढ्यातच. ही चित्रं काढून आपली घालता येतात, त्या संचाला म्हणायचं टेक्श्चर पॅक. काही वेडे याच्याही पुढे जातात आणि खेळात नव्या वस्तूच घालतात, ते मॉड. अशाच कुणा हौशी माणसाच्या मॉडमध्ये युरोपातलं एक जुनं गाव होतं. अण्णांच्या मुलीला ते भारी आवडायचं. अण्णांनी त्यातले ठोकळे तसेच ठेवले आणि वरची चित्रं खरवडून तिथे सगळं चामराजपेट, ते राहायचे ती जुनी पेठ, रंगवायला घेतलं. गोल दगडांच्या रस्त्यावर फुटपाथच्या ग्रॅनाइटच्या फरश्या आल्या. पाववाल्याच्या दुकानात काचेचं कपाट आणि त्यात खारा बन आला. शेकोटीचं काय करावं हे त्यांना काही सुचेना, शेवटी तिथे वाफाळणारं इडलीपात्र बसवलं.

एकदा त्यांनी मला त्यांच्या घरातली लाल फरशी पडद्यावर दाखवली. कोबा घोटून घोटून मऊ झालेला, मधेच एक काळपट डाग. एवढ्याशा ठिपक्यांत ती इतकी हुबेहूब होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "सोळा आणे खरं!" आजूबाजूच्या कन्नड मंडळींना आणे काय कळणार, त्यांनी ऐकलं 'सोळा अण्णा'. झालं, दुपारपर्यंत अख्खा मजला त्यांना सोळाअण्णा म्हणायला लागला. अण्णा खूश. "बरं झालं तुझा ळ आहे," ते मला म्हणाले. "कन्नडात 'सोलु' म्हणजे हरणं. थोडक्यात वाचलो, पुणेअक्का." मी पुण्याची, त्यांच्याहून बरीच लहान, तरी त्या दिवसापासून मी पुणेअक्का झाले.

त्यांचं घराणं मराठीच, काही शतकांपूर्वी इथे आलेलं. "आम्ही इकडं आलो तेव्हा तुमचं पुणं म्हणजे खेडं होतं," असं ते मला चिडवायला सांगायचे. मी दर रविवारी मेट्रो बदलून मार्केटला उतरायचे आणि त्यांच्याकडे जायचे. निमित्त उप्पीटाचं. खरं कारण हे, की आठवडाभर हिंदी-इंग्रजी बोलून माझी जीभ आंबून जायची आणि त्या घरात मराठी कानावर पडायची. दोन खोल्या, लाल फरशी आणि स्वयंपाकघराच्या दाराला अण्णांच्या दिवंगत आईच्या इरकल साडीचा पडदा. जुनी साडी टाकायची कशाला, फाडून पडदा करायचा, हे आपल्याकडच्यासारखंच. त्या पडद्यातून अण्णा सारखे आतबाहेर करायचे. कॉफी आण, चमचा विसरला, साखर राहिली. मी ओरडायचे, "अहो, बसा ना एकदा!" ते म्हणायचे, "बसतो की," आणि पुन्हा आत.

ठोकळ्याच्या चित्राचं एक त्रांगडं असतं. एकटं चित्र कितीही देखणं असो, तसली चार शेजारी शेजारी लावली आणि मधे शिवण दिसली, की ते बाद. उजवी कड डावीला मिळाली पाहिजे, वरची खालच्या कडेला. अण्णा त्यासाठी तासन्तास तळमळायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कड शेजाऱ्याची, मधलं आपलं." हा नियम ते माणसांनाही लावायचे. "आम्ही बाहेर कन्नड, आत मराठी. शिवण दिसली का कुठं?"

मी म्हटलं, "दिसते की! तुम्ही भाजीला 'पल्य' म्हणता."

"ती कड झाली," अण्णा म्हणाले. कड कसली, डोंबल!

आता पुट्टीबद्दल सांगते. पुट्टी म्हणजे त्यांची मुलगी, बारा-तेरा वर्षांची. तिच्या आईला कॅनडात नोकरी लागली, तेव्हा तिघंही जाणार होते. नेमक्या तेव्हा अण्णांच्या आई अंथरुणाला खिळल्या, म्हणून अण्णा मागे राहिले. आई गेल्या. त्यानंतर "स्वल्प काम उरलंय" म्हणत अण्णा राहिले ते राहिलेच. नवराबायकोचं बोलणं हळूहळू बिलं आणि शाळेच्या फीपुरतं उरलं. बापलेकीची भेट व्हायची ती त्या ठोकळ्यांच्या गावात, आपल्याकडची रविवारची सकाळ म्हणजे तिच्याकडची शनिवारची संध्याकाळ. पुट्टी बांधायची, अण्णा रंगवायचे, असा दोघांचा करार. चित्रं एका सामायिक फोल्डरमध्ये असायची. दोघांनाही तो उघडता यायचा, पण पुट्टी त्याला सहसा हात लावायची नाही. तिने गावात चामराजपेटचं घर खोलीन् खोली उभं केलं होतं. मुलगी या घरात येते आहे तोवर ती आपली आहे, आणि यायची थांबली की हातातून गेली, ही धास्ती अण्णांच्या त्या हलत्या पायात होती. हे मला फार उशिरा कळलं.

ती धास्ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा. खेळाला चित्र सापडलं नाही की तो त्या जागी जांभळे-काळे चौकोन दाखवतो, भडक, डोळ्यांत खुपणारे. त्या रविवारी सगळं घर जांभळं-काळं झालं होतं. संगणकातून पुट्टीचा आवाज आला, "अप्पा, आपलं घर कुठं गेलं?" अण्णा चड्डी-बनियनवर, तोंडात दातांचा ब्रश तसाच. "इथंच आहे पुट्टी, इथंच! जाऊ नकोस हं, स्वल्प थांब!" नव्या आवृत्तीने नुसती फाइलींची नावं बदलली होती. मी नावं वाचत गेले, ते बदलत गेले. दर दुसरं नाव त्यांचं चुकत होतं, शेवटी मीच कीबोर्ड ओढून घेतला. लाल फरशी परत दिसली तेव्हा पलीकडून पुट्टी म्हणाली, "हां, आलं." अण्णा पडद्याआड जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

मला त्यांचा राग यायचा. माणूस म्हणून मला त्यांचा फार लळा होता, म्हणूनच जास्त. "अहो, एवढा जीव तुटतो तर जा ना तिकडे!" मी म्हणायचे. "जातो की. एवढा बाजार रंगवून होऊ दे." बाजार झाला की देऊळ. देऊळ झालं की बसस्टॉप. इकडून तिकडे फेऱ्या मारण्यात पटाईत, पण चामराजपेटची वेस काही ओलांडवेना! म्हैसूरला जायचं म्हटलं तरी आठवडाभर आधी त्यांना काहीतरी काम निघायचं.

एका रविवारी पुट्टीने सरळच विचारलं, "अप्पा, तू कधी येणार? खरं खरं सांग."

"स्वल्प दिवसांत. बसस्टॉपचं काम झालं की."

पुढच्या रविवारी पुट्टी आलीच नाही. गाव रिकामं. अण्णा पडद्यावर त्या घरातून हिंडत होते. मी मागे उभी, हातात उप्पीटाची बशी. स्वयंपाकघराच्या दारावर एक नवी पाटी लावलेली होती, इंग्रजी अक्षरांत. एस, ए, आर, आय, आणि पुढे अप्पा.

"सॉरी लिहायचं असेल हो," मी म्हटलं. "आजकालच्या पोरांचं स्पेलिंग!"

"स्पेलिंगचं बक्षीस आहे तिला शाळेत." अण्णांचा आवाज एकदम खाली आला होता. "सरी लिहिलंय. माझ्या 'स्वल्प दिवसांत'चं उत्तर आहे हे. सरी अप्पा. म्हणजे, राहू दे आता."

"मग फोन करा! विचारा तिला!"

"काय विचारू? माझाच शब्द आहे तो. मीच शिकवलाय."

आणि काय सांगू, त्यांचा पाय थांबला. इतक्या दिवसांत तो थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. अण्णा उठले, कॉफी आणतो म्हणाले, आणि पडदा बाजूला सारून आत गेले. कॉफी काही आली नाही.

त्यानंतर पुट्टी यायची, पण उभ्या उभ्या. हो, नाही, जाते. एकदा तिने घुटमळत विचारलं, "अप्पा, काही नवीन दिसलं?" अण्णांना वाटलं, विमानाच्या तिकिटाचं विचारतेय. "बघतोय पुट्टी, बघतोय," ते म्हणाले. ती लगेच निघून गेली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. मी घास हातात धरून बघतच राहिले, मधे बोलायचीही भीती वाटली, न जाणो उठून जायचे.

व्हिसा आला, तेव्हा विमानतळाच्या बसपाशी त्यांना मीच सोडायला गेले. थंडीचा कोट अंगात आताच चढवलेला, घामाने डबडबलेले, आणि बसमध्ये चढायच्या ऐवजी बसच्या पत्र्यावरून हात फिरवतायत. "रंगाचा थर बघ, पुणेअक्का, खाली जुना लाल आहे."

"चढा," मी म्हटलं, "नाहीतर ढकलून देईन."

"सरी सरी," म्हणाले, घराची किल्ली माझ्या हातात कोंबली आणि चढले. बस वळेपर्यंत मी हसत होते. मग रस्त्यातच मला रडू फुटलं. शेजारच्या फुलवालीने "एनायतु अक्का?" म्हणजे काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी तिच्याकडून उगीचच एक गजरा घेतला.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. हसतायत की रडतायत, काही कळेना.

"पुणेअक्का, सरी नव्हतं ते. साडी! साडी लिहिलं होतं तिनं. इंग्रजीत साडी तशीच लिहितात की!"

अण्णांनी तिकडच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या पुट्टीने फुरंगटून विचारलं होतं, "अप्पा, माझी साडी तुला आवडली नाही ना?" झालं होतं असं. तिने पहिल्यांदाच फोल्डरला हात लावला होता. आजीची इरकल साडी आठवून आठवून, सोळा ठिपक्यांत काढून, स्वयंपाकघराच्या दाराला तिचा पडदा केला होता आणि वर पाटी लावली होती, साडी, अप्पा. त्या रविवारी तिची शाळेची सहल होती, म्हणून ती आली नव्हती. मग दर आठवड्याला वाट बघत होती, बाप कधी काही म्हणतो याची.

"अहो, पण तुम्हाला दिसली कशी नाही?" मी ओरडलेच. "शहरभरच्या भिंती चाचपता!"

"तुला तरी दिसली का?" अण्णा म्हणाले. "आपण दोघंही पाटी वाचत होतो. आणि मी रोज त्याच पडद्यातून आतबाहेर करतो, अक्का. तिथं तो असायचाच. कड इतकी मिळाली होती, मला ते चित्र वाटलंच नाही."

"म्हणजे चुकीचं वाचून गेलात की एवढे सातासमुद्रापार!"

अण्णा म्हणाले, "बरोबर वाचलं असतं, तर 'छान आहे पुट्टी' म्हटलं असतं. आणि 'स्वल्प दिवसांत येतो' म्हटलं असतं."

सोळाअण्णा परत आले नाहीत. तिकडेच काम मिळवलं, लेकीच्या शाळेजवळ एक खोली घेतली. बायकोशी कितपत जमलं ते मी खोदून विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर आता एक शांत मुलगा बसतो. माझी कॉफी कपात अगदी स्थिर असते, आणि मीच खुर्चीत चुळबुळत असते. परवा मेट्रोच्या खांबाला तळहात लावून उभी होते, पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा भानावर आले.

मागच्या महिन्यात त्यांचा निरोप आला, पडदा पाठव. मी चामराजपेटला गेले, तो काढला, घडी घातली, कोपऱ्यावरच्या कुरियरवाल्याकडे नेला. आत काय आहे म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, साडी. त्याने खोक्यावर जाड मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं, एस, ए, आर, आय. मग खोकं माझ्याकडे वळवून त्याने कन्नडमध्ये विचारलं, बरोबर आहे ना?

"सरीना, अक्का?"

"सरी," मी म्हटलं.