कोपराच्या आतले गोल

कोणतीही नवी बाटली उघडली की ताई आधी डावी बाही कोपराच्या वर सारायच्या. मग हाताच्या आतल्या मऊ बाजूला बॉलपेनने एक गोल काढायचा, शेजारी नंबर लिहायचा, गोलात थेंबभर क्रीम लावायचं आणि तिथे दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. "अगो, कातडी खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या. "थांब दोन दिस."

कुवेतमधल्या हवल्लीत आमच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात नाजूक त्वचेच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं कपाट होतं. ताईंच्या हाताने पास केल्याशिवाय मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, त्यात काही ठेवत नसत. दापोलीकडच्या या बाई साबण नुसता बघूनही लाल होतील, असं आम्ही चिडवायचो. त्या हसायच्या, आणि उठलेलं पुरळ बक्षीस मिळाल्यासारखं दाखवायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं दुखणं हेच त्यांना आपलं कसब वाटतं.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला जन्मापासून एक्झिमा. तिच्यासाठी काही घ्यायचं तर मी लेबल वाचत नसे, ताईंचा हात बघत असे. मुलगीही "मावशी चेक्ड?" एवढंच विचारायची आणि गाल पुढे करायची.

मग एका उन्हाळ्यात सगळंच पास व्हायला लागलं.

"ताई, हात सुधारला की तुमचा!"

"वय झालं गो. निबर झाली कातडी."

रोज सकाळी चहाआधी त्या एक पांढरी गोळी घ्यायच्या. प्रेशरची, म्हणायच्या. पाण्याचा पेला मीच आणून द्यायचे.

त्याच दिवसांत पास झालेलं एक मॉइश्चरायझर मी मुलीला लावलं. सकाळी तिचे डोळे सुजून बंद झाले होते आणि गालांतून पाणी वाहत होतं. आधी हातावर लावून पाहिलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोऱ्यात हो म्हटलं.

दुकानात येऊन त्या क्रीमचा निकाल बघायला ताईंचा खण उघडला, तर वहीखाली गोळ्यांचं पाकीट. नाव ओळखीचं निघालं. खाज अनावर झाली की माझ्या मुलीला हीच गोळी देतात. आणि कातडीची चाचणी करायची असेल तर आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, नाहीतर पुरळ उठतच नाही.

"ताई, ही प्रेशरची?"

त्या बाही खाली ओढत राहिल्या. "मुदीर म्हणाला, सगळंच नापास करतेस, तर ठेवू कशाला तुला? इकामा त्याच्या हातात. काय करणार होते गो?"

"मला तरी सांगायचं होतं. माझी पोर लावते, ठाऊक होतं तुम्हाला."

"वाटलं, नाही होणार काही."

परक्या मुलखात इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाण्याची भीती मलाही आहे. मुदीरला फसवलं, ते मी समजू शकते. पण माझ्या हातचं पाणी पिऊन त्या रोज माझ्याशी खोटं बोलल्या, हे अजून सहन होत नाही.

महिन्याभरात ताई नोकरी सोडून गावी गेल्या. मी निरोप द्यायला गेले नाही. मुलीचे गाल बरे झाले, डाग राहिले. त्यामागचं कारण मात्र तिला सांगायची हिंमत मला झाली नाही.

परवा नवं लोशन आणलं. दोन दिवस माझ्या हातावर, दोन दिवस तिच्या हातावर गोल काढून पाहिलं. मग बोटावर घेऊन तिच्या गालाजवळ नेलं, तर तिने मान मागे घेतली.

"मावशी चेक्ड?"

"मावशी नाहीत गं आता इथे."

"देन कॉल हर," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी गाल झाकून बसली.