नकाशात आपल्या वस्तीवर हिरवा रंग

वस्तीतल्या सगळ्यांनो, वाचनालयाच्या फळ्यावरचा सुविचार मीच पुसला. राग आला तरी चालेल, पण आधी हे वाचा.

आज दुपारी मी आणि शेजारच्या कौसाबाई शहराचा नवा विकास आराखडा पाहायला कचेरीत गेलो. भिंतीवर भला मोठा नकाशा लावला आहे. त्यात आपला पिंपळ सापडला, पण त्याच्या भोवतालच्या गल्ल्या काही सापडेनात. तिथं नुसता हिरवा रंग.

कौसाबाई खूश झाल्या. "पाह्य वं, हिरवं दाखवलं! आपल्यासाठी झाडं लावून राहिले."

मी कारकुनाला विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, "हिरवा म्हणजे बगीचा. तिथली घरं हटतील. हरकत असेल तर लेखी द्या."

कौसाबाईंचा चेहरा उतरला. "काहून? त्या मोजणीवाल्याईले तर आपणच चहा पाजला होता!"

खरं आहे. नळ येणार समजून आपण त्यांना चहा पाजला, अंगणं झाडून दिली, त्यांच्या टेपचं टोकसुद्धा दारोदारी आपणच धरलं. कशासाठी मोजता, हे एकानंही विचारलं नाही.

उद्या सकाळी पिंपळाखाली या. घरटी एक हरकत लिहू. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची मी लिहीन.

पण एवढं आजच सांगा: मोजणीवाले पुन्हा आले, तर टेपचं दुसरं टोक कोण धरणार?