मेल आपोआप येऊ लागली तेव्हा

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडे किस्से आपसूक जमा होतात. सगळं सुरळीत चालू असेल तर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. येतात ते काहीतरी हवं असतं तेव्हाच. निफाडच्या आमच्या द्राक्ष एक्स्पोर्टच्या कंपनीत मी अशी बरीच माणसं पाहिली.

*

सुरुवातीला आमची मेल बाहेरच्या सर्व्हरवर साठायची. मी कमांड दिली, की ती ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर उतरायची. त्यामुळे माझ्या दाराशी कायम कोणीतरी उभं. सीझनमध्ये मोठे साहेब स्वतः येऊन विचारायचे, "वैशाली, मेल आणलीस?" पाण्याचा टँकर आला का, याच सुरात.

पॅकहाऊसचे सुपरवायझर रईसभाई मात्र काही न विचारता उभे राहायचे. मूळचे मालेगावचे. मुलगा मालवाहू जहाजावर. त्याला तिथून फक्त मेल करता यायची आणि रईसभाईंचा मेलचा पत्ता एकच, ऑफिसचा. मी नाही म्हणून मान हलवली, की म्हणायचे, "समंदर मोठा आहे मॅडम. वेळ लागणारच."

*

शेवटी सर्व्हरने दर थोड्या वेळाने स्वतःच मेल आणावी, अशी सोय मी केली. पहिल्याच दिवशी सेटिंग चुकलं आणि अख्ख्या कंपनीची मेल एकट्या निकमकाकांच्या खात्यात पडली. काका सटाण्याचे, स्टोअर बघायचे. बायको गेल्यापासून एकटेच. त्यांना कधी कोणाची मेल येत नसे. चष्मा पुसत माझ्याकडे आले.

"ताई, इतला लोकेसले मनी याद येस?"

एवढ्या लोकांना माझी आठवण येते? मी चूक सांगितली, मेल ज्याची त्याला वाटून दिली. काका रिकाम्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "दोनचार राहू द्यायच्या होत्या."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना मेल करू लागले. 'काका, जेवलात का?' उत्तर यायचं, 'जेवलो. तू?' आमच्या दोघांच्या मध्ये एक भिंत होती फक्त.

*

मग वेगळाच घोळ. आणलेली मेल बाहेरच्या सर्व्हरवर तशीच राहत होती आणि आमचा सर्व्हर तीच तीच पुन्हा आणत होता. रईसभाईंच्या खात्यात मुलाची एकच मेल ओळीने येत राहिली. 'अब्बा, मैं ठीक हूँ. फिकर मत करना.'

"जादाच्या काढून टाकते," मी म्हणाले.

"दुपारपर्यंत राहू द्या. एवढ्यांदा सांगतोय, तर ऐकतो."

*

हळूहळू सगळं नीट चालू लागलं आणि माझं दार ओस पडलं. ज्याची मेल त्याच्या टेबलावर. मला करमेना. चहा घ्यायलासुद्धा कोणी डोकावेना.

*

पुढे एकदा जहाजावरून बरेच दिवस काहीच आलं नाही. रईसभाई दाराशी आले.

"मॅडम, मशीन घाईत बघत असेल. एकदा तुम्ही हाताने बघा."

त्याने काही फरक पडत नाही, हे मला माहीत होतं. तरी कमांड टाइप केली. नवीन मेल नाही. ते रोज येत राहिले, मी रोज टाइप करत राहिले.

एका सकाळी आली. मी पॅकहाऊसमध्ये धावत गेले आणि त्यांना कॉम्प्युटरपाशी घेऊन आले. मुलाचं नाव ठळक अक्षरांत दिसत होतं. रईसभाईंनी रुमालाला हात पुसले, खुर्ची ओढली आणि नुसते बघत बसले.

"उघडा ना," मी म्हणाले.

"संध्याकाळी उघडतो," ते म्हणाले. "आत्ताच वाचली तर संपून जाईल."