पाव्हण्यांकडं पाठ

आमच्या शेजारच्या अंबूबाईसारखी बाई अख्ख्या रहिमतपुरात नव्हती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा मानसिंग पाठीत गोळी लागून जायबंदी झाला. पुढच्या वर्षी घरी आला तो खाटेवरच. कमरेखाली हलणं नाही की कळणं नाही. जवान घरी आला म्हणून माणसं भेटायला नुसती लोटली. आता वडीलधाऱ्यांकडं पाठ करून निजायचं कसं? म्हणून सासरे नाथाजी त्याला दिवसभर उताणा ठेवायचे. झालं! माकडहाडापाशी आधी लाल डाग, मग कातडी काळी पडली आणि बघता बघता मूठ मावेल एवढा खड्डा. मानसिंगला ठणकतही नव्हतं. तो आपला हसून रामराम घेत होता. मला तर एकेकाला सांगावंसं वाटायचं, मेल्यांनो, आजाऱ्याला बघायला येता की मुजरा घ्यायला?

ताप भरला तेव्हा अंबूबाईनं त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी जखम धुतली आणि सांगितलं, "मलम कितीही लावा, अंगाचा भार त्या जागेवर आहे तोवर तिथं रक्त पोचणार नाही. रक्त नाही तर मांस भरणार नाही. कुशी बदलत राहा, नाहीतर विष अंगात भिनून माणूस जाईल."

बाईनं घरी येऊन काय करावं? भिंतीकडची खाट ओढून मधोमध आणली आणि नवऱ्याला कुशीवर वळवलं, नेमकी बैठकीकडं पाठ करून. समोर सोयरे चहा पीत बसलेले. नाथाजी कडाडले, "अगं, पाव्हण्यांकडं पाठ? लाज हाय का न्हाई?"

डोईवरचा पदर न ढळू देता ती म्हणाली, "मामंजी, पाव्हण्यांस्नी उठता येतंय. ह्यांस्नी येतंय का? तुमीच सगळी पलीकडं बसा." आणि तिनं जखमेवरची पट्टी सोडली. "एकदा बघा तरी."

नाथाजींनी तोवर ती जखम कधी बघितलीच नव्हती. हातातली चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. मग आपली घोंगडी उचलून ते पलीकडं जाऊन बसले. "उठा रं समदी," म्हणाले. त्यांच्या मागं अख्खी बैठक बशा सावरत निघाली. मला हसूही आवरेना आणि रडूही.

पुढं त्याची कूस बदलली की पाव्हणे आपसूक जागा बदलायचे. जखम तळापासून भरत आली, आधी लालबुंद मांस, मग कडेनं पातळ कातडी. किती महिने लागले कोण जाणे. शेवटी जखमेचं तोंड मिटलं, तसा मानसिंग म्हणाला, "आता तरी घटकाभर उताणा निजू दे की, अंबू."

"न्हाई," अंबूबाईच्या आधी नाथाजीच म्हणाले. "नवी कातडी कच्ची असती, लेका. वळ तिकडं." आणि त्यांनी स्वतः त्याच्या खांद्याखाली हात घातला.